हॉटेल राजेश्वरीचा उजेड

२ ऑक्टोबर १९९६, वडूज
समोरची खानावळ आजपण फुल्ल. मालक जयराज, माझा चुलतभाऊ, एक नंबरचा दुश्मन. आमच्या हॉटेलात मी, आचारी आकाराम आणि माश्या. बायकोनं मुदत दिली: दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक आलं तर ठीक, न्हाईतर कुलूप लावा आन् कांदा खुरपायला चला. हॉटेल तिच्याच नावाचं, तरी ही भाषा! अठरा वर्षं फौजेत काढली, दबणार नाही. जयराजच्या पाटीवर चाळीस वॅटचा एक बल्ब आहे. हल्ला तिथंच.

६ ऑक्टोबर
सांगली. सिद्धू पत्र्याची पोकळ अक्षरं करतो, आत दिवे. प्रकार तीन. एक: अक्षराच्या तोंडाला रंगीत ॲक्रिलिकचं झाकण. दोन: दिवे मागं, उजेड आपल्याच भिंतीवर. तीन: तोंड उघडं, आतली निऑनची नळी सरळ रस्त्यावर झगझगते. सिद्धू म्हणाला, आवं हवालदार, दोन नंबर घ्या, तुमची पायरी उजळंल. बिनडोक. पायरी काय चाटायचीय? जयराजचे डोळे दिपवायचेत. तीन नंबर फायनल.

१५ ऑक्टोबर, सायं. ७
बोर्ड लागला. जयराज कपाळावर हात धरून बाहेर आला, बघितलं, आत गेला. खलास!

१६ ऑक्टोबर
त्यानं बल्ब विझवला. शरणागती. आकारामला मटण दुप्पट आणायला सांगितलं.

१९ ऑक्टोबर
किडे. अख्ख्या तालुक्यातले. बोर्डावरनं थेट रश्श्यात. दोघं ताट सोडून उठले. त्यात अक्षरांखाली पायरीवर काळोख. लोणंदचा एकजण ठेचकाळला, माझी आई-बहीण काढत समोर गेला. सिद्धूनं मुद्दाम केलंय.

२४ ऑक्टोबर
हरामखोर जयराजनं बाहेर चार टेबलं टाकली! लोक म्हणतात, हितं लय झ्याक उजेड, किडा एक न्हाई. उजेड माझा, भाकरी त्याची. उद्यापासून बोर्ड बंद. मर अंधारात.

२५ ऑक्टोबर, सायं. ७.१५
बंद केला. जयराज रस्ता ओलांडून आला, चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, दादा, आवं माणसं निम्म्या ताटावर हायत. मी म्हणालो, चालता हो. तर बायकोनंच बटण दाबलं. म्हणे, जेवत्या माणसाम्होरचा दिवा काढू न्हाई. घरभेदी!

९ नोव्हेंबर
उद्या लक्ष्मीपूजन. आज कुलूप लावलं. ही हार नव्हे, रणनीती. जयराजनं बोर्ड मागितला होता, साफ नकार दिला. जागेवरच ठेवला, रोज सातला मीच लावणार. माझा उजेड, माझा हुकूम.
आजची नोंद त्याच्या बाहेरच्या टेबलावर लिहिली. इथं चांगलं दिसतं.