त्रेचाळीस गाण्यांतला भाऊ

प्रिय दुर्गेश्वरी दीदी,

पाकिटावर आमगावच्या मुन्नालालभैयांच्या छापखान्याचं नाव पाहून तुला वाटलं असेल, गाण्यांची पुस्तिका छापून आली. तीच आहे, पण अजून कच्ची. आणि छापखान्यात दोन महिन्यांपासून मी आहे. रागावू नको. तू फायली पाठवल्या तेव्हा मी समोरच बसून मुरमुरे खात होतो.

पुष्पाबाई आत्याची सगळी लग्नगाणी तू टाइप केलीस! त्रेचाळीस गाणी, त्रेचाळीस फायली. आत्या गाताना ज्याचं लग्न त्याच्या घरची नावं गुंफत जायची, त्या जागी तू नुसतं ‘नवरी’, ‘मामा’, ‘भाऊ’ लिहून ठेवलंस आणि नावांची यादी वेगळी दिलीस. भैयाजी एकेक गाणं उघडून नावं भरायला बसले होते. मी म्हटलं, थांबा. रायपूरला एका पोरानं मला शिकवलं होतं (तो पोरगा पतंग काय बनवायचा, ते नंतर सांगतो). कॉम्प्युटरसाठी छोटी स्क्रिप्ट लिहायची, चार ओळींची: हा शब्द दिसला की काढ, यादीतलं नाव ठेव. मग एक बटण, की सगळ्या फायली आपोआप बदलतात. भैयाजी म्हणाले, “काऊन बे, एवढं येते तर मुरमुरे कायले खाऊन राहिला?”

पहिल्यांदा मात्र घोळ झाला. वराकडच्यांना शिव्या द्यायची गाणी आहेत ना, त्यांतही नवरदेवाचा ‘भाऊ’ आहे. स्क्रिप्टला काय समजते! यादीत तुझा भाऊ म्हणून लिहिलेला आपला धनेंद्र तिथं खादाड, चोर आणि बिनशेंडीचा झाला. भैयाजी हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. मग ती सात गाणी वेगळी काढली, आता बरोबर आहे.

यादी मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. नवरी, दुर्गेश्वरी. मामा, दुर्गाप्रसाद. भाऊ, धनेंद्र. चुलतभाऊ असला तरी माझ्यासारख्या सख्ख्यापेक्षा कामाचा माणूस आहे, तुझं चुकलं नाही. तुझ्या साक्षगंधाला, अंगठीच्या दिवशी, मी निघालो होतो, दीदी, खरंच. डोंगरगडला एकासोबत चहा प्यायला उतरलो आणि चार दिवस तिथंच राहिलो. तू दारात किती वेळ उभी होतीस, ते आईनं फोनवर सांगितलं. त्यानंतर तुला फोन करायची हिंमत झाली नाही.

काल यादीत धनेंद्रच्या जागी माझं नाव टाकून स्क्रिप्ट एकदा चालवली. भावानं तुझ्या ओंजळीत लाह्या टाकायच्या गाण्यात खुमेंद्र आला. दोनदा वाचलं आणि लगेच पहिल्यासारखं केलं. तुला न विचारता कसं ठेवू? सोमवारी छपाई आहे. एकच ओळ बदलायची आहे, तू हो म्हण किंवा नाही म्हण, तसं करतो. नाही म्हणालीस तरी मांडवाच्या आठ दिवस आधी येऊन राहतो. आमगाव ते आपलं कामठा, वाटेत उतरण्यासारखं काहीच नाही, मी विचारून ठेवलं आहे.

तुझाच,
खुमेंद्र