गव्हाणीतली माझी काडी

नागपूर,
सोमवार, १५ डिसेंबर

प्रिय भैरवी,

'प्रिय' वाचून हुरळून जाऊ नकोस. पत्र असंच सुरू करायचं असतं हे आपल्याला एकाच बाकावर बसवून शिकवलं होतं, म्हणून लिहिलं. हे पाकीट चारही बाजूंनी चिकटवून ताराच्या डायरीत घालते आहे. मम्मीच्याच हातात दे म्हणून तिला बजावलंय, आणि ती देईल. तुझी मुलगी शब्दाची पक्की आहे. कोणावर गेली कोण जाणे! आत्ता पोरं हॉलमध्ये नाताळची गाणी बसवताहेत, आवाज इथवर येतो आहे, आणि मी रिकाम्या वर्गात बसून तुला लिहिते आहे.

तुला ते क्रिब आठवतं का गं? नाताळच्या आधी चार आठवडे येशूजन्माचा देखावा म्हणून वर्गात मांडायचे ते? अजून मांडतो आम्ही. गव्हाण रिकामी असते. एक चांगलं काम केलं की आपल्या नावाच्या कागदी पाकिटात तणसाची, म्हणजे भाताच्या वाळल्या पेंढ्याची, एक काडी टाकायची, तेवढंच बाळ येशूचं अंथरूण मऊ होतं. पहारा कोणाचाच नाही, सगळा मामला विश्वासाचा. ज्याच्या काड्या सगळ्यांत जास्त, तो सुट्टी लागायच्या दिवशी बाळाला गव्हाणीत ठेवणार. आता हा मामला पहिली 'ब'मध्ये मी सांभाळते, आणि खरं सांगते, वर्षभरात यासारखं सुख नाही. कोणी विचारत नसलं तरी पोरं आपणहून येऊन सांगतात. साहिलने काडी टाकली, का तर दिवसभर धाकट्या भावाला मारलं नाही. मागून कळलं, भाऊ आजीकडे काटोलला गेलेला! मेघाने तिचा पडलेला दात गव्हाणीत आणून ठेवला, बाळाला एकही दात नाही म्हणून. प्रशिक बाळासाठी स्वतःचा स्वेटर काढून देऊन दिवसभर कुडकुडत बसला. मी परत घालायला लावला तर रडला. प्रार्थनेला डोळे मिटा म्हटलं की चाळीसही जण मिटतात आणि मिसने मिटले का ते फटीतून बघतात. घरी बुद्धवंदना म्हणून निघालेली मी इथे त्यांच्याबरोबर क्रूसाची खूण करते आणि हसू दाबून ठेवते.

जूनमध्ये हजेरीची यादी हातात आली. तारा. आईचं नाव भैरवी, राहणार प्रताप नगर. पेढे वाटावेसे वाटले मला. सव्वीस वर्षांनी सापडलीस! पहिला आठवडाभर ताराने वर केलेला हात मी मुद्दाम पाहिला नाही. सहा वर्षांच्या पोरीचा हात. लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली. मग एक दिवस ती टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मिस, काल मी डबा संपवला म्हणून खोटंच सांगितलं, भाजी खिडकीतून फेकली, मला रागवा. काय रागवणार, कपाळ? सूड घ्यायला बसले होते, पोरीने बसायचा पाटच काढून घेतला. आता ती माझ्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहते, आणि घरी 'मले' न् 'काहून' बोलायला लागली म्हणून तू प्रिन्सिपल सिस्टरांना तक्रारीची चिठ्ठी लिहिलीस. ती मला दाखवली गेली बरं का. व्हरांड्यात येऊन मी पोटभर हसले. पण तुझ्यावरचा राग तिच्यावर काढता येईना, म्हणून तो सगळाच्या सगळा तुझ्यासाठी शिल्लक राहिला.

आपण दुसरीत होतो तेव्हा वर्गात तणस कोण आणायचं, आठवतं? माझे बाबा. धोंडबा. लकडगंजला संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकायचे आणि पेटीत फळाखाली तणस अंथरायचे. सिस्टर बर्नाडेटने एकदा विचारलं, तर दर डिसेंबरात सायकलच्या कॅरिअरला भारा बांधून यायचे. आदल्या दिवशी अंगणात बसून काडी न् काडी झटकायचे, बाळाले टोचन म्हणून. शाळेच्या फाटकातून ताठ मानेने आत यायचा त्यांचा तो वर्षातला एकच दिवस होता. आणि तू नेमकी तीच गोष्ट उचललीस. सगळ्या वर्गासमोर उभी राहून म्हणालीस, मोनालीच्या घरी तणसाचा ढीग आहे, ती घरून काड्या आणून पाकीट भरते. सिस्टरांनी मला पुढे बोलावून एकेका काडीचं काम सांगायला लावलं. मी सगळी सांगितली. एकच राहिली. त्या एकीबद्दल मी तोंड उघडेना, तेव्हा त्यांनी माझं पाकीट कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं. बाळाला तू ठेवलंस. पेट्या ठोकणाऱ्याची पोर खोटी आणि दत्तोपंत वकिलांची नात खरी, हे ठरवायला तिथे कोणाला फार विचार करावा लागला नाही.

पुढच्या डिसेंबरात बाबा भारा घेऊन आले, तर फाटकावरच सांगितलं, इस बार ज़रूरत नहीं. मी व्हरांड्यातून पाहत होते. त्यांनी कॅरिअरची दोरी पुन्हा आवळली आणि सायकल वळवली. घरी मी काही बोलले नाही. सांगितलं असतं तर ते सिस्टरांपुढे हात जोडून उभे राहिले असते आणि माझ्याच वतीने माफी मागून आले असते. आज पंचाहत्तरीला आलेत, पण डिसेंबर लागला की अजून म्हणतात, तणसात किडंबिडं निघालं असन वं, मीच बराबर झटकलं नसन. ऐकलंस? पंचवीस वर्षं तो माणूस स्वतःला दोष देऊन राहिलाय. तुझ्यापायी!

तरीही तू विसरली असशील असं धरून चालायला मी तयार होते. पोरवयात होतं असं. पण परवा शनिवारी पालकसभेत, दहा जणींच्या घोळक्यात, माझ्या खांद्यावर हात टाकून तू खदखदून हसलीस. ही ना, घरून काड्या आणून पाकीट भरायची, सिस्टरने रंगेहाथ पकडलं होतं, काय बदमाश होती म्हणून सांगू! म्हणजे तू विसरलेली नाहीस. फक्त तुझा भाग तेवढा गाळलास. तारा तुझा हात धरून उभी होती. आज सकाळी प्रार्थना संपल्या संपल्या तिने सगळ्या वर्गासमोर विचारलं, मिस, तुम्ही बाळ येशूच्या काड्या चोरल्या होत्या? चाळीस पोरं माझ्याकडे बघत राहिली. प्रशिक तेवढा उठून ओरडला, मिसनं नाही चोरल्या, मले माहीत हाय! पुन्हा दुसरीतल्यासारखी उभी होते मी.

आता त्या काडीचं. अशीच गाणी बसवत होते हॉलमध्ये. बाथरूमला जाऊ का, हे तू सिस्टरांना विचारायला घाबरलीस आणि तुझा पिनाफोर ओला झाला. खाली डबकं. पोरं वळून बघणार तेवढ्यात मी माझी पाण्याची बाटली उघडून तुझ्यावर आणि माझ्यावर ओतली आणि म्हटलं, सॉरी सिस्टर, सांडली. ऐन थंडीत ओल्या कपड्यांनी घंटा होईस्तोवर मी बाहेर उभी होते. तू माझा हात घट्ट धरून शपथ घातली होतीस, कोणालाही सांगू नकोस. नाही सांगितलं. सिस्टर विचारत होत्या आणि मी तुझ्याकडे बघत होते, आणि तू तुझ्या बुटांकडे. काहून वं? कोणी आपल्याला साथ दिली म्हणून एवढा राग येतो का माणसाला?

असो. आज दुपारी मी वर्गातली पाकिटं मोजली. तारा पहिली आली. तीनदा मोजलं, मी लबाडी केलेली नाही. लबाडी पुढे केली. मोजून झाल्यावर प्रिन्सिपल सिस्टरांकडे गेले आणि यंदासाठी एक नवीन गोष्ट मंजूर करून आणली. बाळ ठेवणाऱ्या मुलाच्या आईने गव्हाणीत शेवटची काडी टाकायची, आणि लहानपणी आपल्यासाठी कोणी केलेलं एक चांगलं काम सगळ्यांना सांगायचं. सिस्टरांना कल्पना फार आवडली. ताराला मी म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर शुक्रवारी मम्मी देईल. शुक्रवारी बाबा पहिल्या रांगेत बसतील, कारण यंदाचं तणस मी त्यांच्याकडूनच मागवलं आहे. भंडाऱ्याकडच्या आत्याच्या शेतातून आणून दोन दिवस झटकत होते. तुला अचानक उभी करून तुझी फजिती बघता आली असती, आणि मला ती बघायची होतीही. पण मला त्या दिवशी एक मिनिट मिळालं नव्हतं, तुला मी चार दिवस देते आहे. म्हणून हे पत्र. दुसरंच काही गोड सांगून वेळ मारून नेलीस तर मी टाळ्या वाजवीन. तुझं गुपित मी तेव्हा फोडलं नाही, शुक्रवारीही फोडणार नाही. मात्र तारा तुझा हात धरून तुझ्या तोंडाकडे बघत असेल, आणि भाजी फेकल्याचंही तिला पचत नाही हे लक्षात ठेव. माझी माफी मागू नकोस, मी माफ करणार नाही. माझ्या बाबांना तेवढं कळू दे की त्यांचं तणस चांगलं होतं.

अजूनही तुझीच,
मोनाली