निघायच्या तोंडाने

बाबा, मोठी गाडी देऊन टाकली. तुम्हाला ती ठाऊक असण्याचं कारण नाही, तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी मी ती घेतली. शाळेची जुनी बस होती. अकोल्याच्या एका बॉडीवाल्याने तिच्या सीटा काढून आत दोन पलंग, ओटा, शेगडी, न्हाणी आणि माझ्या पुस्तकांचं कपाट बसवून दिलं. मोटरहोम म्हणतात त्याला. तुम्ही जन्मभर एसटीची बस चालवली, तिच्यातच मी राहायला गेलो असं समजा. कॉलेजात संस्कृत शिकवणं सोडल्यावर मी आणि तुमची सून चार वर्षं तीत फिरलो. आता निम्म्याहून लहान व्हॅन घेतली आहे. तीत दोघं झोपतो, पण कूस बदलायची तर एकमेकांना विचारून.

लोक विचारतात, एवढी चांगली गाडी काहून दिली? मी सांगतो, अपरिग्रह. माणसाला लागतं तरी किती? हे उत्तर इतकं गाजलं की अमरावतीच्या एका मंडळाने माझं व्याख्यानच ठेवलं. मी तासभर बोललो. निःसंग, निर्लोभ वगैरे शब्द माझ्या तोंडी शोभतात, तेवढी सवय नोकरीने लावली आहे. शेवटी त्यांनी शाल, श्रीफळ आणि हातभर उंचीचं स्मृतिचिन्ह दिलं. ते व्हॅनमध्ये कुठेच मावत नाही, म्हणून प्रवासात आमच्यातला जो चालवत नसेल तो ते मांडीवर घेऊन बसतो. तुमची सून म्हणते, "राहू द्या, अपरिग्रहाचं हाय, फेकता थोडी येते!"

खरं कारण असं की मला ती गाडी मागे घेता येत नव्हती.

तुम्ही मुक्कामाची बस दर्यापूरला नेली की चहाच्याही आधी ती वळवून तिचं तोंड अकोल्याकडे करून ठेवायचात. सुटीत मी सोबत असायचो, भुकेने कावलेला. "आधी चहा घ्या ना बाबा," म्हटलं की तुमचं ठरलेलं, "गाडी निघाच्या तोंडानं लावाव. अडचन सांगून येत नाई." मला तो म्हाताऱ्या माणसाचा चाळा वाटायचा. तुम्ही तेव्हा चाळिशीचेही नव्हता.

आणि अकोल्याचं ते मैदान. मला संस्कृतात बक्षीस मिळालं त्या वर्षीचा रविवार. तुम्ही दोस्ताची जीप मागून आणली होती, जमिनीत निंबाच्या दोन फांद्या रोवल्या होत्या आणि मला त्यांच्या मधून मागे यायचं होतं. तीनदा मी फांदी पाडली. तीनदा तुम्ही ती पुन्हा रोवली. चौथ्यांदा तुम्हाला हसू आलं. मी खाली उतरलो आणि अगदी स्वच्छ कॉलेजी मराठीत म्हणालो, "मला ड्रायव्हर व्हायचं नाही." तुम्ही फांदी उचलली, हाताची माती खाकी पँटला पुसली. "डायवर नको होऊ ना बाप्पा, कोन म्हनते? पन मांगं घेता आली पायजे. समोर त कोनीबी नेते." घरी जेवताना आईला एवढंच म्हणालात, "याले भाजी वाढ." माझ्यासाठी पुन्हा कधी जीप आणली नाही. मी वाद जिंकलो असंच मला बरीच वर्षं वाटत होतं.

तर चार वर्षं मी समोर जात राहिलो. मोठं पटांगण असलेलाच ढाबा पाहायचा, लांबून वळसा घ्यायचा. मोर्शीकडे कोणी संत्र्याच्या बागेत मुक्कामाला बोलावलं की पहिला प्रश्न, रस्ता पलीकडून निघतो का? मग मागच्या उन्हाळ्यात वलगावला तुमच्या सुनेच्या चुलतभावाकडे साक्षगंध होतं, मुलीचा साखरपुडा. सगळ्यांना गाडी पाहायची होती आणि मला दाखवायची. भर गल्लीत सरळ आत घातली. पुढे देवळाचा ओटा, रस्ता संपला. मागे मुलाकडची मंडळी येऊन उभी.

मी गिअर टाकतो, गाडी तिरपी होते, कोणाच्या तरी पन्हाळीचा पत्रा कर्रकन वाकतो. बायका हसतात. तुमची सून माझ्या कानाशी म्हणते, "मी घेऊ काय मांगं?" मी म्हणतो, "ही बस आहे, स्कूटी नाही." तेवढ्यात ओट्यावर तंबाखूचा खर्रा चघळत बसलेले एक म्हातारबाबा उठतात. "सरक भाऊ." डाव्या आरशात एकदा पाहतात आणि आख्खी बस एका दमात बाहेर. उतरताना मला विचारतात, "कोनं शिकवली तुले गाडी?"

"कोणी नाही."

"थे त दिसूनच राह्यलं. बाप काय करे तुहा?"

आणि बाबा, मी म्हणालो, "मास्तर होते."

तुमची लाज वाटली म्हणून नव्हे, हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाच्या मुलाला गल्लीतून निघता येऊ नये, हा डाग तुम्हाला लागू नये म्हणून म्हणालो. युक्तिवाद चांगला आहे. त्यात तेवढे तुम्ही उरत नाही. तुमची सून तुम्हाला अजून मामाजीच म्हणते. घरी येताना तिने एकच विचारलं, "मामाजी मास्तर कधी झाले?"

त्या म्हाताऱ्यांना खरं सांगून यावं, म्हणून परवा व्हॅन घेऊन वलगावला निघालो. माझ्या गुडघ्याचं निमित्त झालं आणि ती म्हणाली, आज मी चालवते. गल्लीच्या तोंडाशी तिने व्हॅन थांबवली, मान वळवली, आणि उलटी आत घेत थेट ओट्यापाशी लावली. तोंड रस्त्याकडे. ती गाडी माहेरी शिकली असं मी धरून चाललो होतो, पण अशी मागे घेताना तिला कधी पाहिलं नव्हतं. म्हातारबाबा उठून आले. "वा बाई! निघाच्या तोंडानं लावली. कोनं शिकवली?"

"सासऱ्यानं," ती म्हणाली. "बसवर डायवर होते. लग्न झालं त्या वर्षी अकोल्याच्या मैदानावर शिकवली, फांद्या रोवून."

म्हाताऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी स्मृतिचिन्ह मांडीवर घेऊन बसलेलो. "अन् तुहा बाप त मास्तर होता म्हने?"

जे सांगायला गेलो होतो ते ती सांगून मोकळी झाली होती. म्हातारबाबा परत ओट्यावर जाऊन बसले.

परतताना मी तिला विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाही? म्हणाली, "मामाजींनीच म्हटलं होतं, त्याले नको सांगू, त्याले वाईट वाटन."

हे पत्र व्हॅनच्या कप्प्यात ठेवतो आहे, गाडीच्या कागदांखाली. रविवारी मैदानावर चला, मी शिकवते, असं ती म्हणते. निंबाच्या दोन फांद्याही तोडून आणल्या आहेत तिने. मी अजून हो म्हटलेलं नाही.