अस्सल विलायती पक्षी

२ नोव्हेंबर, रविवार
गोडादऱ्याच्या भंगारवाल्याकडे घबाड मिळालं! ब्रिटिश पक्ष्यांचा जाडजूड कोश, लंडनची छपाई, आत रंगीत चित्रं. आजपासून मी कलेक्टर. सुभद्रा म्हणाली, आधीची अकरा पुस्तकंही दुर्मिळच होती, त्यातली चार शाळेची गाइडं निघाली. बायकोच्या नको ते बरोबर लक्षात राहतं.

३ नोव्हेंबर, सकाळी ६
खरा प्रश्न कोपऱ्याचा. डिंडोलीतली आमची खोली एवढीशी, खिडकीपाशी माझं पुस्तकांचं कपाट. मुलगी हर्षदा दहावीला, तिला तिथेच अभ्यासाचं टेबल हवंय. सुभद्राशी पैज लागली. रविवारी श्रीरंगकाका येणार, रिटायर्ड लायब्रेरियन, जुन्या पुस्तकांतले दर्दी. कोश अस्सल ठरला तर कपाट राहणार, नाहीतर भंगारात. हर्षदाने मान खाली घालून वही उघडली. घाबरली असणार.
रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करायचे. उद्यापासून.

४ नोव्हेंबर
पुस्तकावर साल नाही. पहिल्या छापील पानाच्या तळाशी नुसती एम, डी, सी अशी अक्षरांची रांग. लॉट नंबर असणार. हरकत नाही. बावीस वर्षं मार्केटात साड्यांचं पॅकिंग करतोय, हात लावून माल ओळखतो. हा माल जुनाच. फक्त फिनिशिंगची बोंब.

५ नोव्हेंबर
प्रत्येक चित्रावर पातळ बटर पेपर! साडीच्या घडीत घालतो तसाच. इतक्या वर्षांत पॅकिंग काढायचं कुणाला सुचू नये? अठ्ठेचाळीस कागद काढले, एकही फाटला नाही. सुभद्राने शेव-चिवड्याच्या डब्यांत घातले.

६ नोव्हेंबर
शब्द: शून्य. काम फार.
पानांच्या कडा ओबडधोबड. पर्वत पाटिया भागात साड्यांचे कॅटलॉग कापणाऱ्या मगनभाईंकडे नेलं. तिन्ही बाजू मशीनवर एका झटक्यात सरळ! मगनभाई आधी म्हणाले, जूनुं छे, रहेवा दो. त्यांना काय कळतंय.

७ नोव्हेंबर
सुरुवातीच्या कोऱ्या पानावर कुणीतरी शाईने गिचमिड केलेली. डागी माल सेकंडमध्ये, अर्ध्या भावात जातो. पान काढून टाकलं. कव्हरवर इस्त्री, वर प्लास्टिकची पिशवी. शोरूम पीस! हर्षदा म्हणाली, पप्पा, हे का केलं? पोरांना प्रेझेंटेशन कळत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी ७
काका आले. अक्षरांची रांग म्हणजे रोमन आकडे निघाले, त्यांनी घडाघडा वाचले. अठराशे सत्त्याण्णव! अस्सल, पहिली आवृत्ती! मी सुभद्राकडे ऐटीत पाहिलं.
मग काका पानं चाळत राहिले. तोंड उतरत गेलं त्यांचं. पातळ कागद चित्रांची राखण करायला असतात म्हणाले. कापण्यात गरुडाचा अर्धा पंख गेला. फाडलेल्या पानावर कुणाची सही असेल, देव जाणे. कुठल्या अडाण्याने ही दशा केली, त्यांनी विचारलं.
हर्षदा पटकन म्हणाली, भंगारवाल्याकडून आणलं तेव्हाच असं होतं. काका म्हणाले, असल्या माणसाला पुस्तकांपासून लांब ठेवावं. मी हो म्हणालो.
ते गेल्यावर सुभद्रा म्हणाली, अस्सल ठरलं ना, पैज तुम्हीच जिंकलात. हर्षदा कपाटाला टेकून खाली जमिनीवर गणितं सोडवत होती. मला फार लाज वाटली.

रात्री ८
शेजारच्या छगनला हाताशी घेऊन कपाट गॅलरीत काढलं. टेबल सुताराकडून करून घेणार. कोपऱ्याचं माप हर्षदाने स्वतःच घेतलं. मला टेपला हात लावू दिला नाही.