आबा, कोइमतूरहून घर आणलं

प्रिय आबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून आजपर्यंत मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. तुम्ही गेल्याला दोन वर्षं झाल्यावर आता लिहायला बसलेय. आई शेजारी बसून हुकूम सोडतेय, "सगळं लिव्ह. आन लिवून झालं की मोट्यानं वाच. त्यास्नी ऐकू जाईल." तेव्हा ऐका.

परवा दुपारी मी घर आणलं. चाकांवरचं! गाडीच्या मागे जोडायचं आणि ओढत न्यायचं. आत दोन माणसं झोपतील एवढी जागा, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, दोन खिडक्या. त्याला कॅम्पिंग ट्रेलर म्हणतात. विजापूर रोडवरच्या आमच्या घरासमोर तो उभा आहे आणि अख्खी गल्ली येऊन बघून गेली. "बाई, ट्रॉली घेतली व्हय? ऊस लावलाय का कुटं?" असंही एकाने विचारलं. आई त्याला डबा म्हणते.

तुमच्यामागे मेंढरं काकांकडे गेली आणि आई माझ्याकडे आली, हे तुम्हाला माहीत आहेच. पण तिला इथे झोप लागत नाही हे माहीत आहे का? "भिताडं अंगावर येत्यात," म्हणते. पन्नास वर्षं जी बाई दर चार दिवसांनी नव्या रानात चूल मांडत आली, तिला मी फरशीच्या खोलीत पंख्याखाली बसवली आणि वर म्हटलं, आता आराम कर. गुडघे गेलेत, चालवत तर नाही. मग ठरवलं, आईला वाट चालता येत नसेल, तर चाकांवर बसवून न्यायची.

ट्रेलर कोइमतूरच्या एका छोट्या कारखान्यात बनला. पोचवून देतो म्हणाले होते, मीच नको म्हटलं. आपलं घर दुसऱ्याने का आणायचं? सोलापूर ते कोइमतूर हजारेक किलोमीटर. जाताना नुसती गाडी, येताना मागे घर. मे महिन्याची सुट्टी होती. ह्यांना रजा नव्हती, त्यामुळे गाडी मीच चालवणार होते आणि सोबतीला आई.

वाट कुठली धरायची यावरून घरात आठवडाभर महाभारत झालं, आबा! हे रोज संध्याकाळी फोन उघडून बसायचे. त्यांना म्हैसूरकडची वाट आवडली होती. पुढे जंगल आणि मग सत्तावीस वळणांचा घाट. "निसर्ग बघत जाल," म्हणाले. मी पडले भूगोलाची बाई. कपाटातून कागदी नकाशा काढला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि पेन्सिलीने रेघा मारत बसले. आईला नकाशातलं काही कळत नव्हतं, पण ती उठून जातही नव्हती. शेवटी तिने एकच विचारलं.

"पानी कुटं कुटं हाय?"

मी बोट ठेवत गेले. विजापूरच्या वाटेला लागलं की भीमा. पुढे कृष्णा. होस्पेटला तुंगभद्रा. मग चित्रदुर्ग, बंगळूरच्या बाहेरून सेलम, आणि सेलमच्या पुढे कावेरी.

"मग हीच वाट. चार नद्या हाईत की. त्या वळणाच्या वाटंवर काय हाय?"

"हत्ती आहेत," मी म्हटलं.

"हत्तीचं आपल्याला काय करायचंय!"

झाला निकाल. ह्यांनी फोन खिशात घातला. आणि मला एकदम तुम्ही दिसलात. वाडा हलवायच्या आदल्या दिवशी, म्हणजे सगळी मेंढरं, घोडं आणि बिऱ्हाड घेऊन पुढच्या रानात निघायच्या आदल्या दिवशी, तुम्ही एकटे पुढे चालून जायचात. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. पाणी बघायचं, रानाच्या मालकाशी बोलायचं आणि दिवस बुडायच्या आत परत यायचं. तुम्ही वाट बघायचात ती स्वतःच्या पायांनी नव्हे, कालच व्यालेल्या मेंढीच्या पायांनी. ती जिथवर चालेल तिथवरच मुक्काम. मीही तेच केलं, आबा. जाताना सबंध रस्ता मी येतानाच्या डोळ्यांनी बघत गेले. इथे चढ आहे, मागे घर असताना गाडी दमेल. ह्या पंपावर आत शिरायला जागा आहे, वळायला नाही. आई पुढच्या सीटवर मांडी घालून बसली होती आणि प्रत्येक नदीला हात जोडत होती.

एक विचारू का? मला कधी वाट बघायला का नाही नेलंत? मी नऊ वर्षांची होते तेव्हा किती मागे लागले होते! "पोरीला शाळा हाय," एवढंच म्हणालात. मला जे येतं ते तुमचं बोलणं चोरून ऐकून आलंय. अर्धवट.

ते अर्धवटपण कुठे नडलं ते सांगते.

कारखान्यातल्या माणसाने ट्रेलर जोडून दिला, हिंदीत सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, पुढे न्यायला दोन तासांत येईल. मागे घ्यायला महिना लागेल." खरंच होतं ते. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की घर उजवीकडे पळायचं. आईने मात्र आधी वाकून चाकं बघितली, मग पत्र्यावर दोन थापा मारल्या, आत जाऊन तुमचं घोंगडं अंथरलं आणि दार लावून घेतलं. मी अर्धा तास बाहेर उभी. दार उघडलं तर म्हणते, "डोळा लागला व्हता."

येताना दोन दिवस कसे झोकात गेले! घाटात हळू, सपाटीला बेताने. मागून ट्रकवाले हॉर्न देत, पुढे जाताना माझ्याकडे वाकून बघत. मी आपली ताठ बसलेली. एकदा कावेरीच्या पुलावर मोठ्याने म्हटलंसुद्धा, "आबा, बघताय ना?" आई म्हणाली, "रस्त्याकडं बघ."

तिसऱ्या दिवशी दुपारी तुंगभद्रा मागे टाकली. इलकल अजून लांब होतं. पुढे रस्त्याचं काम, गाड्यांची ही रांग. फोनने डावीकडून वाट दाखवली, अर्ध्या तासाची बचत. आई पेंगत होती. मी वळले! दोन दिवसांच्या कौतुकाने डोक्यात हवा गेली होती, दुसरं काय. गाव संपलं, डांबर संपलं, दोन्ही बाजूंना बांध आणि त्यावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण. पुढे गेले तर एक विहीर, एक गोठा आणि वाट खलास.

आई जागी झाली. खिडकीतून बाहेर बघितलं, मागे वळून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हिला दुसरं तोंड कुटंय?"

आबा, त्या क्षणी मला सगळं आठवलं. काकांनी एकदा घाईने मेंढरं अशाच बंद वाटेत घातली होती. पुढची थांबली, मागची ढकलत राहिली आणि तीन कोकरं चेंगरली. तुम्ही काकांवर ओरडला नाहीत. कोकरं पुरून आलात आणि म्हणालात, "मेंढरू माघारी फिरत न्हाय. ज्या वाटंला दुसरं तोंड न्हाय, तितं घालायचंच न्हाय." मी तेव्हा घोंगड्यात तोंड खुपसून ऐकत होते. हजार किलोमीटरच्या नकाशात ही एक गोष्ट मी विसरले.

मागे घ्यायला गेले तर घर काट्यात. पुन्हा प्रयत्न केला तर बांधावर. घामाघूम झाले. गोठ्यातून शेतकरी आणि त्याची बायको आली. तो कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला. आईला माहेरचं कन्नड आहे, ती खाली उतरून बोलायला लागली. त्याने विचारलं तेवढं मला समजलं. कुठली माणसं, काय करता? आणि आई म्हणाली, "रैतरु." म्हणजे शेतकरी.

माझे हात स्टिअरिंगवरच राहिले.

आठवतंय, आबा? आठवीला सोलापूरच्या वसतिगृहात मला घालायला आला होतात. फॉर्म मी भरला. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'शेती' लिहिलं. तुम्ही विचारलंत, "काय लिव्हलंस?" मी वाचून दाखवलं. तुम्ही हसलात. "आपली कुटं हाय शेती? बरं, दुसऱ्याच्या रानात बसतो, म्हंजी शेतीच की." आणि अंगठा दिलात. बाहेर आल्यावर मी आईला बजावलं होतं, कुणी विचारलं तर शेती सांगायचं. तेरा वर्षांची होते. आज एक्कावन्नची आहे. नोकरीच्या कागदांवर शेती, लग्नात शेती, शिक्षकांच्या खोलीत शेती. तुम्ही मला भेटायला यायचात तेव्हा घोंगडं कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीत ठेवून यायचात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कुणी सांगितलं होतं तुम्हाला ठेवायला? मी तर नव्हतं सांगितलं. सांगावंही लागलं नाही, याचीच मला आज लाज वाटते.

आणि आई ते खोटं अजून सांभाळत होती. त्या आडवाटेला, जिथे आम्हाला ओळखणारं काळं कुत्रं नव्हतं, तिथेसुद्धा!

मी गाडीतून उतरले. म्हटलं, "आई, खरं सांग त्यांना."

"काय खरं?"

"आपण मेंढरंवाले. आबा मेंढपाळ होते. त्यांची मी लेक. सांग."

 आईने पदर सावरला आणि सुरू झाली. मी सांगितली होती चार वाक्यं, ती बोलली दहा मिनिटं. हात वर करून मेंढरांचा आकडा दाखवला, कुठून कुठे चालत जायचो ते दाखवलं, तुमची काठी केवढी होती तेही दाखवलं. मधेच माझ्याकडे बोट केलं. शेतकऱ्याची बायको तोंडावर हात ठेवून ऐकत होती. त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं, विहीर बघितली, ट्रेलर बघितला आणि एक वाक्य बोलला. आई इतकी हसली, आबा, की तिला बांधाला टेकावं लागलं.

"काय म्हणाला?"

"म्हंतोय, मेंढपाळाची लेक, आन बंद वाटंत शिरली?"

मग आम्ही तिघांनी ट्रेलर गाडीपासून सोडवला. कुंपणाचे काटे जरा बाजूला केले, हाताने ढकलत, ओढत घर जागच्या जागी फिरवलं. आई विहिरीच्या कठड्यावर बसून कुठला दगड कुठल्या चाकाखाली द्यायचा ते सांगत होती, आणि तिचं एकदाही चुकलं नाही. गाडी वळवली, कडेने पुढे काढली आणि पुन्हा जोडली. निघताना त्या बाईने ज्वारीची पिशवी आईच्या हातात दिली. मी नको नको म्हणत होते. आई म्हणाली, "घी गं. रानात बसलो की मालक जोंधळं देतोच."

तेव्हापासून आई खोलीत झोपलेली नाही. परवापासून डब्यातच आहे. सकाळी चहा घेऊन गेले तर गाढ झोपलेली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला उठवावं लागलं. ट्रेलर उभा करताना मी एक तास खटपट केली, गल्लीने फुकट करमणूक करून घेतली, पण त्याचं तोंड रस्त्याकडे करूनच थांबले.

आता शब्द देते, आबा. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही निघायचात त्याच वाटेने आईला घेऊन निघणार. सांगोला, आटपाडी, विटा, कृष्णाकाठ. प्रत्येक मुक्कामाआधी गाडी लांब उभी करीन, पायी पुढे जाऊन बघून येईन, पाणी आणि दुसरं तोंड, दोन्ही. त्याच्या आधी, येत्या आठवड्यात शाळा उघडली की आठवीच्या वर्गात फळ्यावर तुमची वाट काढीन. पोरं विचारतीलच, बाई, ही कुणाची वाट? सांगीन.

आई म्हणतेय, पुरे कर आणि वाच. तुमचं घोंगडं तिने मांडीवर घेतलंय.

तुमची लेक,
सुमन
वडिलांचा व्यवसाय : मेंढपाळ