परकराची शेवटची दुमड

आबा, तुमची नात आता माझ्या खांद्याला लागते. तुम्ही गेलात तेव्हा ती तुमच्या शिलाई मशीनखाली बसून चिंध्या गोळा करायची. तुमच्या पिंपळनेरच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी इथे धुळ्यात आहे, नोकरी, घर, स्वयंपाक, सगळं धापा टाकत चाललंय, आणि कपडे फोनवरून येतात. आज बोट लावलं की परवा दारात. चार धुण्यांत रंग उडतो, मग फरशी पुसायला घ्यावं तर ते मेलं कापड पाणीही टिपत नाही. तुम्ही असतात तर ते चिमटीत धरून नुसतं माझ्याकडे पाहिलं असतंत.

तुमच्या हातचा शाळेचा झगा मी वर्षानुवर्षं घातला. दर जूनमध्ये तुम्ही खालची दुमड उसवायचात आणि झगा लांब व्हायचा. उसवल्या जागी गडद निळी रेघ उमटायची, कारण बाकीचा निळा उन्हानं विटलेला. पोरी त्या रेघांवरून मला चिडवायच्या. मी रडून तयार फ्रॉक मागितला, आणि स्वतः टेलर असून तुम्ही तो साक्रीच्या बाजारातून आणलात. मला आत्ताही दिसतंय, चष्मा कपाळावर चढवून तुम्ही तो उलटा करताय, शिवणीवरून अंगठा फिरवताय. आईला म्हणालात, "यामा पोरले वाढाले जागाच नही." रागावला नाहीत. दिवाळीच्या आत तो काखेत फाटला, तेव्हा ठिगळही तुम्हीच लावलंत.

शेवटच्या वर्षी तुमचे हात थरथरायचे. सुईत दोरा ओवायला आईला हाक मारायचात. तरी नातीसाठी हिरवा परकर शिवलात, नाडीचा, म्हणजे कंबर वाढली तरी अडायला नको. आतून दुमडीवर दुमड, सगळ्या हातानं टाचलेल्या. आई म्हणाली, पोर केवढीशी, एवढं कापड आत कशाला दाबता? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मी नही ऱ्हासू, पन पोर तं वाढीच." आई उठून आत गेली. मी दुकानातच उभी राहिले, रस्त्याकडे बघत.

पोर वाढत गेली तशी मी दर वर्षी अक्षय्य तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या, आधी एकेक दुमड उसवत गेले. गौराईच्या गाण्यांना, झोक्यावर, तिला तोच परकर लागतो. आता तो पोटरीवर आलाय आणि आत एकच दुमड उरलीय. यंदा ती परकर घेऊन आली. "आबांनी माझ्यासाठीच ठेवलंय ना मम्मी, मग उसव ना." मी म्हटलं, वेळ नाही बाई, नवा मागवते. आलाही तो, पिशवीत पिशवी, चमचमता, हात लावला की काठाची जर सुटून येते. टोचतो म्हणून ती झोक्यावर बसलीच नाही. तुमचा परकर तिनं आपणहून घडी करून माझ्या कपाटात ठेवला. मला फार रडू आलं, आबा.

सोय म्हणून मागवते असं मी सांगते, आणि बाकीच्या कपड्यांचं ते खरंही आहे. या परकराचं तसं नाही. तुमच्या हातचे टाके आता जगात तेवढेच उरलेत, वाकडे, एक मोठा, एक बारीक. आधीच्या दुमडींचा दोरा मी ओढून केरात टाकला, दोराच तर आहे म्हणून. आता या शेवटच्या टाक्याला बोट लावलं तरी तुम्ही आत्ता, माझ्यासमोर जाताय असं होतं. जे तुम्ही तिच्यासाठी ठेवलंत ते मी माझ्यासाठी अडवून बसलेय. पुढच्या आखाजीला तर उसवूनही तो तिला पुरणार नाही.

हे पत्र टाकायला जागाच नाही. सकाळी तिनं पुन्हा कात्री मागितली. सापडत नाही म्हणाले. कात्री मी शेजारणीकडे ठेवून आलेय.