वचन दिलं सचिननं, चिलापी तळायची मी

प्रिय आप्पा,

वारलेल्या सासऱ्याला पत्र लिहिणारी सून अख्ख्या रहाटणीत मी एकटीच असेन. पण उद्या अमावास्या आहे, आईंनी कढई घासून ओट्यावर ठेवली आहे आणि तुमची नात माझ्या मांडीवर दूध पिते आहे. यातून मार्ग आता तुम्हीच काढा. तुमच्यामुळेच तर हे सगळं झालंय!

तुमच्या दहाव्याला मी पोटुशी म्हणून घरीच होते. घाटावर काय घडलं ते नंतर कळलं. पिंड ठेवला, कावळे झाडावरून नुसते बघत बसले. आईंना सांभाळू म्हणून झालं, जागेची वाटणी नीट करू म्हणून झालं, कावळे ढिम्म. मग तुमच्या लाडक्या लेकानं, सचिननं, हात जोडले, "आप्पा, दर अमावास्येला मनीषा तुमाला नदीची चिलापी तळून ठेवंल, आन् आमी समदी परसाद खाऊ." लगेच एका कावळ्यानं झडप घातली म्हणे. अहो, निदान मला विचारायचं तरी!

बाळंतपण होईपर्यंत आईंनी सवलत दिली होती. आता सव्वा महिना झाला, सवलत संपली.

आपलं रविवारचं भांडण आठवतं? तुम्ही गळ घेऊन पवना नदीवर जायचात आणि पिशवीभर चिलापी आणून माझ्यापुढे ठेवायचात. मी पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला, मला गप्प कसं बसवणार? मी सांगायचे, पाण्यावरचा फेस निदान डोळ्यांना दिसतो. पण काही रसायनं वर्षानुवर्षं विरत नाहीत. ती गाळात बसतात, गाळातून किड्यांत, किड्यांतून माशाच्या चरबीत आणि तिथून आपल्या अंगात येतात. तुम्ही म्हणायचात, "तळलं की समदं जातं." नाही जात म्हटलं तर म्हणायचात, "मंग हळद जास्त घाल."

एकदा मी कागदावर सगळं चित्र काढून समजावलं. तुम्ही चष्मा लावून बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "मासा झ्याक काढलास." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. तुमच्या ते लक्षात तरी आलं होतं का?

आता तुम्ही नाही, तर तुमची बाजू आई लढवतात. "वचान मोडलं तर त्यांचा जीव घुटमळंल," म्हणतात. आणि मला हे माहीत आहे की ती रसायनं अंगावरच्या दुधातूनही बाळाकडे जातात. एकीकडे तुमचा जीव, दुसरीकडे तुमच्या नातीचा. सचिन आईंसमोर आईंना हो म्हणतो, माझ्यासमोर मला.

काल तुमचे गळ टाकायचे सोबती रामभाऊकाका बाळाला बघायला आले होते. मी त्यांच्याकडे रडगाणं गायला लागले, तर ते हसतच सुटले. "आगं पोरी, तुला दिस गेल्याचं कळल्यापास्नं आप्पानं मासा घरी आनलाच न्हाई. गळाला लागला की सोडायचा. म्हनायचा, सून सांगती ते खोटं नसंल. पन तिला सांगू नगंस, डोक्यावर बसंल."

आप्पा, तुम्ही रिकामी पिशवी झटकत घरी यायचात, "आज लागलं न्हाई" म्हणायचात आणि मी मनातल्या मनात खूश व्हायचे. एकदा तरी बोलायचं होतंत. मला तुमचा फार राग आला काल, आणि मग रडूच आलं.

मग त्या दिवशी झडप कुणी घातली? मला वाटतं, तो कावळा दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

काकांचं सगळं बोलणं आई आतून ऐकत होत्या. कढई अजून ओट्यावरच आहे, पण मासे आणायला पैसे मात्र त्यांनी सचिनला दिलेले नाहीत.

तेव्हा उद्या मी तुमच्यासाठी गरम भाकरी आणि पिठलं ठेवणार आहे. सचिननं दिलेलं वचन त्याचं त्याच्यापाशी, हे माझं. तुमची नात मोठी झाली की तिला मी सांगेन, तू जन्मायच्या आधी तुझा आजोबा रविवारभर नदीकाठी बसायचा आणि धरलेला एकेक मासा तुझ्यासाठी परत सोडून द्यायचा.

तुमची, डोक्यावर बसलेली सून,
मनीषा